धवल्यांची डायरेक्ट एंट्री

रविवार, ४ ऑगस्ट १९९६. सकाळी ७

आजपासून रोज नोंद ठेवणार. ही तांत्रिक डायरी आहे, खाजगी. बायकोच्या, लक्ष्मीच्या, हाती लागू नये म्हणून ऑफिसच्या जुन्या फायलीत घालून ठेवायची.

ऑफिसने लिलावात काढलेला कॉम्प्युटर काल टेम्पोने ठाण्याहून ठाकुर्लीला घरी आणला. ३८६ मॉडेल. रंगीत मॉनिटर. कीबोर्डचं एक बटण गेलंय, पण ते मराठीला लागत नाही. काल संध्याकाळी लावला तर पहिल्या झटक्यात सुरू. आळीतली सगळी माणसं बघून गेली. गणू तरे पण आला होता. टीव्ही दुरुस्त करतो तो. दारातूनच मान हलवून गेला. जळतात लोक.

ठराव: २६ जानेवारीला कल्याणला समाजाचा मेळावा आहे. त्यात पुस्तकाचं प्रकाशन. चंद्रभागा आत्याचे सगळे धवले, संपादक मोरेश्वर काळुराम केणे. मेळाव्याचा सेक्रेटरी दामाजी याला शब्द देऊन टाकला. पंचवीस रविवार हातात आहेत. रविवारी चार धवले धरले तरी शंभर होतात. हसतखेळत.

मनोगतासाठी मुद्दा: आगऱ्यांच्या हळदीला धवलारीण बसते, धवले गाते, तिच्याशिवाय हळद लागत नाही. आत्या आमच्या भागातली शेवटची. वय शहात्तर. अक्षरओळख शून्य, सगळं तोंडपाठ. किती येतात विचारलं तर म्हणाली, मोजलं नाय. मोजायला आता मी आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४

कामाला लागण्याआधी मशीन उघडून साफ केलं. आत धुळीची गादी. ऑफिसच्या पाच दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये उघडायला शिकवलं नव्हतं, पण ट्रेनिंगवाले शेवटच्या दिवशी म्हणालेले की केणेसाहेबांना यातलं कळतं. तळाचा मोठा बोर्ड सोडवला, ब्रश मारला, परत बसवला. एकट्याने.

बूट: नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन काळी.

टेम्पोच्या हादऱ्यांचा परिणाम. तो कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतो. माझ्या कमरेचंही तसंच आहे.

रविवार, ११ ऑगस्ट

आत्या सकाळी नऊला हजर. ठेवणीतलं लुगडं नेसून. फोटो काढणार असं तिला कुणी सांगितलं कळत नाही.

बूट: नाही. सात वेळा.

आत्या तासभर स्क्रीनकडे बघत बसली. मग म्हणाली, "मोरू, तो बंद हाय तं हाय. मी चालू हाय ना? तू लिव." तिला समजावलं की हाताने लिहिलं की नंतर परत टाइप करायचं. डबल काम, वर चुका. डायरेक्ट एंट्री केली की एकदाच. पटलं तिला. म्हणजे गप्प बसली.

लक्ष्मी तांदूळ निवडत होती. आत्याने सूप पुढे ओढलं आणि निवडता निवडता गायला लागली. मी थांबवलं. एंट्री होणार नसेल तर गाऊन काय उपयोग? घसा खराब. चहा पिऊन गेली.

निदान: व्होल्टेज.

गुरुवार, १५ ऑगस्ट

स्टॅबिलायझर लावला. झेंडावंदन करून आलो, स्विच दाबला. बूट झालं!

आमची शालू लगेच चपला घालून आत्याला आणायला निघालेली. थांबवलं. पाया आधी. फॉन्ट निवडला (तीन तास, पण छपाईत फरक दिसतो). मुखपृष्ठ टाइप केलं. स्वतःचं नाव आधी सोळा पॉइंट, मग चोवीस, मग परत वीस. संपादकाने नम्र असावं. मनोगताचा पहिला परिच्छेदही झाला. "संस्कृतीच्या अथांग सागरातून हे मोती वेचताना" अशी सुरुवात. दोनदा मोठ्याने वाचला. लक्ष्मी म्हणाली, बरं आहे, जेवायला या.

शालू म्हणाली, बाबा, आत्या आज दिवसभर मोकळी होती. अगं, आत्या कुठे पळून जातेय?

शुक्रवार, १६ ऑगस्ट

बूट: नाही. स्टॅबिलायझरचा काटा बरोबर २२० वर. म्हणजे व्होल्टेज नव्हतंच. हे सिद्ध झालं हीसुद्धा प्रगतीच.

रविवार, २५ ऑगस्ट

निदान: अर्थिंग. ऑफिसच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं की जुन्या घरांना अर्थिंग नसतंच. सकाळपासून परसात खड्डा खणला. तांब्याची पट्टी, कोळसा, दहा किलो खडं मीठ. अबोलीचं एक झुडूप मध्ये आलं. लक्ष्मी बोलत नाही.

आत्या आलेली. खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाली, "मिठागरान जलम गेला माजा. मीठ पुरून यंतर चालतं, यो नवीनच." मग मिठागरातल्या बायका मीठ ओढताना म्हणायच्या ते काहीतरी म्हणायला लागली. धवला नव्हता, विषयाबाहेरचं होतं. तरी ऐकलं थोडं. हात चिखलाचे होते.

संध्याकाळी बूट: नाही.

रविवार, १ सप्टेंबर

बूट: नाही. आत्या आली, बसली, गेली.

रविवार, ८ सप्टेंबर

गणू तरे रस्त्यात भेटला. म्हणाला, मोरूशेठ, एकदा उघडून बघू का? त्याला नीट सांगितलं की टीव्ही वेगळा, कॉम्प्युटर वेगळा. टीव्हीत फक्त चित्र येतं, यात प्रोग्रॅम असतो. म्हणाला, शॉर्ट सगळीकडे सारखाच. आता या माणसाशी काय बोलणार? शिवाय त्याने उघडलं आणि काही केलं तर अख्ख्या आळीत सांगत फिरेल की केणेंना जमलं नाही.

आत्याला आज यायला नको सांगितलेलं. तरी आली. वाटेवरच होतं म्हणाली. तिचं घर विरुद्ध दिशेला आहे.

रविवार, १५ सप्टेंबर

गणपतीसाठी जागा करायला लक्ष्मीने आणि शालूने मशीन उचलून आतल्या खोलीत नेलं. मला न विचारता. मी चिडून नुसता स्विच दाबला आणि बूट झालं!

कारण उघड आहे. आतल्या खोलीत दमट हवा कमी. निदान: दमटपणा.

तारीख मात्र १ जानेवारी १९८० दाखवतोय. आतली छोटी बॅटरी उतरलीय. हरकत नाही. मीही ८० साली बरा होतो.

आत्या मोदकांच्या सारणाला नारळ खवायला आलेली, घरातच होती. शालू म्हणाली, बाबा आता. म्हटलं, अगं सणाच्या गडबडीत संशोधन होत नाही. ऋणनिर्देश पूर्ण केला. अर्पणपत्रिका पूर्ण केली: तीर्थरूप काळुराम केणे यांच्या स्मृतीस. त्यांना धवले आवडत नसत, पण ते वडील होते.

मंगळवार, १७ सप्टेंबर

बूट: नाही. आतली खोलीच. कालपासून साठचा बल्ब मशीनच्या पाठीमागे पेटवून ठेवलाय, हवा कोरडी राहावी म्हणून.

शनिवार, २८ सप्टेंबर

मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. ऑफिसात सुपरिंटेंडंटच्या खुर्चीत बसून अठ्ठावीस वर्षं खोडरबर वापरलं, पण असा उपयोग पहिल्यांदा. परत बसवल्या. तीन वेळा बीप आला. आधी बीप येत नव्हता. मशीन प्रतिसाद देऊ लागलंय.

रविवार, २९ सप्टेंबर

पट्ट्या उलट्या बसवल्या होत्या. बीप बंद. बूट: नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

शालूने आज टेपरेकॉर्डर आणून ओट्यावर ठेवला. आत्या भाकऱ्या थापत होती, थापता थापता गायला लागली आणि शालूने बटण दाबायला हात पुढे केला. मी नको म्हटलं. टेप म्हणजे मागचा काळ. ती ऐकून पुन्हा उतरवायची म्हणजे डबल नाही, तिप्पट काम. शालू म्हणाली, मग मी वहीत उतरवते. तिचं अक्षर मला माहीत आहे. नंतर संपादकाने वाचायचं कसं?

शालू टेपरेकॉर्डर घेऊन आत गेली. या वयात मुलींना राग लवकर येतो.

आत्या म्हणाली, "मोरू, तुना आयकाचा हाय का नाय?" म्हणजे मला ऐकायचंय की नाही. तिला म्हटलं, आत्या, तुझ्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

रविवार, २० ऑक्टोबर

महत्त्वाचा शोध. मशीनची डावी बाजू टेलिफोन डिरेक्टरीवर ठेवली आणि बूट झालं. डिरेक्टरी काढली, परत लावलं, नाही. ठेवली, झालं. कोनाचा प्रश्न होता! हे कुठल्याच पुस्तकात नाही. ऑफिसात पत्र लिहून कळवलं पाहिजे.

आत्या आली तेव्हा चालू होतं. पहिल्यांदाच. ती खुर्चीत बसली, पदर सारखा केला, घसा साफ केला. मी म्हटलं थांब, आधी फाइलला नाव देऊ. नावावर विचार करत होतो तेवढ्यात मांजर उडी मारून टेबलावर आलं, डिरेक्टरी सरकली, स्क्रीन गेली.

आत्या हसली. लक्ष्मी हसली. मांजराला शालूच्या मैत्रिणीकडे देऊन टाकायचं ठरवलं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

बूट: नाही. डिरेक्टरीवर. डिरेक्टरीशिवाय. उजव्या बाजूला डिरेक्टरी. दोन डिरेक्टऱ्या.

रविवार, १७ नोव्हेंबर

दिवाळीत नोंदी राहिल्या. कारण शालूचं लग्न ठरलं. मुलगा कोपरचा, नोकरी चांगली, माणसं साधी. ११ मे तारीख. हळद १० ला, आपल्या अंगणात. आत्याला सांगितलं तर तिने शालूचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, तुज्या हळदीला सगल्यांत लांब तो बोलीन, तुज्या आजीच्या हळदीला बोलला तो. बोलणं म्हणजे गाणं. लक्ष्मी रडली. मी विचारलं, तो किती कडव्यांचा? मनोगतात लिहिता येईल. आत्या म्हणाली, संपंल तवा संपंल.

बूट: नाही.

रविवार, १ डिसेंबर

लग्नसराई सुरू. आत्या आज ठाण्याला, उद्या कल्याणला, परवा कुठे. ज्या दिवशी मशीन चालतं त्या दिवशी ती नसते. मी किती वेळा सांगितलंय की महिनाभर बाहेरच्या हळदी घेऊ नकोस. म्हणाली, लोकांच्या पोरींनी काय बिनहळदीच्या जायचा? हट्टी.

दामाजीचा निरोप: हस्तलिखित केव्हा? कळवलं की छपाईच्या टप्प्यात आहे. टप्पा हा शब्द व्यापक आहे.

रविवार, १५ डिसेंबर

लक्ष्मीशी भांडण. सुरुवात कॉम्प्युटरपासून झालीच नव्हती, डाळ करपण्यापासून झाली. मग म्हणाली, "रोज त्या वहीत खरडता. चार महिने. तेवढ्यात तिचं सगळं गाणं लिहून झालं असतं."

म्हणजे तिने डायरी पाहिलेली आहे. फायलीतून. खाजगीपणा नावाची गोष्ट या घरात नाही.

तिला समजावण्यात अर्थ नव्हता. ही तांत्रिक नोंद आहे. यात धवले लिहिले तर मग दोन्हीचा गोंधळ.

शुक्रवार, २७ डिसेंबर

दोन तास बूट झालं. मनोगत चौदा पानांवर गेलं. आता त्यात काही घालायचं राहिलेलं नाही. संपादकाचा परिचय तिसऱ्या पुरुषात लिहिला. "श्री. केणे यांचा तंत्रज्ञानाशी निकटचा परिचय आहे."

रविवार, ५ जानेवारी १९९७

सकाळी कल्याणला मेळाव्याच्या मीटिंगला गेलेलो. दामाजीने सगळ्यांसमोर विचारलं. मी सांगितलं, पुस्तक तयार आहे, फक्त मजकूर जायचा आहे. कुणी हसलं. कोण ते बघून ठेवलं.

घरी आलो तर मशीन चालू. आपोआप. चार वेळा बंद करून लावलं, चारही वेळा बूट. साडेतीन महिने बल्बची ऊब दिली त्याचा परिणाम हळूहळू होणारच होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

कारण बल्ब नव्हता. लक्ष्मीने गणू तरेला बोलावलं होतं. मी कल्याणला असताना. त्याने दहा मिनिटांत तळाचा बोर्ड सोडवला आणि खालून एक स्क्रू काढला. बोर्डाच्या पोटाखाली सुटा लोळत होता. टेकला की शॉर्ट, सरकला की चालू. त्याने तो बशीत ठेवलाय. लक्ष्मीने बशी माझ्या ताटाशेजारी मांडली.

स्क्रू कंपनीत राहिला असणार. सहा वर्षं ऑफिसात मशीन नीट चाललं, हे मला मान्य आहे, पण लोळता स्क्रू कुठेही असू शकतो.

गणूला चहा न पिताच जाऊ दिलं म्हणून लक्ष्मीला बोललो. म्हणाली, दोन वेळा प्याला, तुमची वाट बघत.

सोमवार, ६ जानेवारी

बूट: हो.

ऑफिसातून आलो तर आत्या ओट्यावर बसलेली. गणूने सांगितलं म्हणे यंतर जागं झालं. आज हळद नव्हती कुठली, म्हणून आली. घसा बसलेला होता थोडा. तरी म्हणाली, चल, आता लिव.

मी मार्जिन लावत होतो. डावीकडे सव्वा इंच की दीड, हे एकदा ठरलं की ठरलं. तिला म्हटलं, आत्या, रविवारी ये, बारा तारखेला. निवांत बसू. सलग दहा-बारा करून टाकू. ती म्हणाली, "बरा." खाली उतरताना लक्ष्मीने हात दिला. पोहोचवायला शालू गेली.

मंगळवार, ७ जानेवारी. बूट: हो. अनुक्रमणिकेचा सांगाडा. धवला क्र. १ ते १००, पुढे ठिपके, पुढे पान क्रमांकाची जागा.

बुधवार, ८ जानेवारी. बूट: हो.

गुरुवार, ९ जानेवारी

बूट: हो.

आत्या सकाळी चुलीपुढे पडली. तिचा मुलगा सखाराम रिक्षाने डोंबिवलीच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. मला ऑफिसात फोन आला. मी चारच्या सुमारास पोहोचलो. उजवी बाजू गेलीय. बोलणं गेलंय.

डॉक्टर म्हणाले, बघू. बघू याचा अर्थ होईल असाच असतो.

रविवार, १२ जानेवारी

ठरल्याप्रमाणे रविवार.

बूट: हो.

हॉस्पिटलात गेलो. मला ओळखलं. तोंडाचा एक कोपरा हलला, आवाज आला, पण शब्द नाही. आ, असा. मी म्हटलं, आत्या, मशीन एकदम ओके आहे. तिने डोळे मिटले. औषधाने झोप येते.

रविवार, २६ जानेवारी. संध्याकाळी

मेळावा झाला. कल्याणला हॉल भरलेला. दामाजीला आदल्या दिवशी सांगितलेलं की परिस्थितीमुळे पुस्तकाऐवजी पुस्तकाचं मनोगत वाचतो. त्याने दहा मिनिटं दिली. चौदा पानं आहेत. सहाव्या पानावर चिठ्ठी आली, आवरा. सातव्यावर दुसरी.

उठताना मागून एक म्हातारी ओरडली, आरं यक धवला तं बोल! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, ते सगळं पुस्तकात येईल.

जिना उतरताना दामाजी म्हणाला, "मोरू, पुस्तकात सगळीकडे तूच आहेस रे. बाई कुठाय?" मी म्हटलं, अनुक्रमणिका बघ. त्याने बघितली नाही. राजकारण.

रविवार, ९ फेब्रुवारी

आत्याला घरी सोडलंय. मी मशीन रिक्षात घालून तिच्या घरी नेलं. मॉनिटर मांडीवर, सीपीयू शालूच्या मांडीवर. सखारामच्या बायकोने, शांताने, खाटेशेजारी स्टूल मांडलं.

पहिल्या झटक्यात बूट.

टाइप केलं: धवला क्र. १. मग म्हटलं, आत्या, हळूहळू, तुला जमेल तसं. ती स्क्रीनकडे बघत राहिली. तोंड उघडलं. आ. परत आ. मी तेवढंच टाइप केलं, मग खोडलं. मग तिने डाव्या हाताने गोधडीवर ताल धरला. बरोबर ताल होता, मध्येच थांबून परत पकडायची. बराच वेळ. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते या आजारात येतं.

ताल टाइप करता येत नाही.

शांता म्हणाली, भाऊजी, पुरे आता. परत येताना रिक्षात बसलो तर शालू चालत गेली.

रविवार, १६ मार्च

दुसऱ्या धवलारणी शोधायला निघालेलो. कल्याणच्या खाडीकडची एक दोन वर्षांपूर्वी वारली. ठाण्याला कोळीवाड्यातली एक सापडली, पण तिचे वेगळे, आणि तिला ऐकू येत नाही. घोडबंदर रोडला एक होती ती जमीन विकून मुलाकडे पुण्याला गेली. निष्कर्ष: आपल्या समाजात जतन करण्याची वृत्ती नाही. मनोगताचं पंधरावं पान होईल.

बूट: हो.

शुक्रवार, ४ एप्रिल. बूट: हो.

शनिवार, ५ एप्रिल. बूट: हो.

रविवार, ६ एप्रिल. बूट: हो. काय टाइप करावं सुचलं नाही. बंद केला.

सोमवार, २८ एप्रिल

लक्ष्मीला विचारलं, तुला काही धवले येतात का? इतकी वर्षं आत्याबरोबर बसतेस. म्हणाली, ती आत येऊन गायला लागली की तुम्ही हाक मारायचात, चहा ठेव. जेवढं चहा उकळेपर्यंत ऐकलं तेवढं येतं.

हे टोमणे मी आता मनावर घेत नाही. टाइप करून घेतो म्हटलं तर म्हणाली, दोन ओळींना कशाला कॉम्प्युटर.

शनिवार, १० मे १९९७. संध्याकाळी ७

शालूची हळद झाली.

मांडव चांगला घातला. दुपारी चारला बायका पाटाभोवती बसल्या. आत्याला सखारामने उचलून आणलं, खुर्चीत बसवलं, उशा लावल्या. तेच ठेवणीतलं लुगडं. शांताने नेसवलं असणार.

हळदीचं ताट पुढे आलं. कुणीतरी सुरू करायला हवं होतं. मग लक्ष्मीने सुरू केलं. आवाज बरा आहे तिचा, मला माहीत नव्हतं. बाकीच्या मागून म्हणाल्या. दोन ओळी झाल्या. तिसरी येईना. परत पहिल्यापासून घेतलं, परत दोन. एक म्हणाली पुढे अमुक आहे, दुसरी म्हणाली ते मांडवाच्या धवल्यातलं. परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा दुसरी ओळही अर्धीच आली. शालूच्या एकाच गालाला हळद लागलेली.

आत्याचं तोंड हलत होतं. आवाज नव्हता. तिला पुढचं सगळं येत होतं, ते दिसत होतं. तिने डावा हात वर केला. माझ्याकडे केला, असं लक्ष्मी म्हणते. मला तसं वाटलं नाही. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होतो, पाहुण्यांना बसवत होतो. त्या बाजूला इतरही माणसं होती.

शालूने पाटावरून हाक मारली. सगळ्यांसमोर. म्हणाली, "बाबा, पाच महिने ती तुमच्यासमोर बसलेली. एक ओळ सांगा पुढची. एकच."

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं. खड्ड्याच्या काठावर बसलेली आठवली, सुपात हात घातलेली आठवली, भाकऱ्या थापताना. तोंड हलताना आठवलं. शब्द एक नाही. मी तेव्हा प्रत्येक वेळी मशीनकडे बघत होतो.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी बेंजोवाल्यांना हात केला. ते कोपऱ्यात तयारच बसलेले. त्यांनी एकदम जोरात सुरू केलं. मुलं नाचायला उठली, बायकाही उठल्या, हळद लागली.

आत्याचा हात वरच होता. थोड्या वेळाने शांताने तो धरून खाली ठेवला.